भाषा सुटली तरी देश सुटत नाही? झेलंडच्या ओमा आणि परदेशी गेलेले डच

मृद्गंध

आमच्या शेजारच्या ओमा पुढच्या महिन्यात नव्वद वर्षांच्या होतील. डच घरांत आजीला ओमा म्हणतात, आता आमची अख्खी गल्लीच त्यांना ओमा म्हणते. आम्ही राहतो कॅनडात, ओंटारियोमध्ये. ओमा मूळच्या नेदरलँड्सच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या झेलंड प्रांतातल्या. फेब्रुवारी १९५३ मध्ये समुद्र बांध फोडून आत शिरला आणि त्यांच्या वडिलांची शेतजमीन खाऱ्या पाण्याखाली गेली. पुढच्या वर्षी आईवडील आणि भावंडांबरोबर त्या हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर उतरल्या. पुढे लग्न केलं ते इथल्याच स्कॉटिश वंशाच्या माणसाशी.

त्यांनी घरात मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. मुलांना डच येत नाही, नातवंडांचा तर प्रश्नच नाही. तरीही हे घर डच आहे हे आत पाऊल टाकताच कळतं. संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, डच घरांची ती पद्धतच आहे, म्हणजे कुणाचा दिवस विसरायला नको. ओमांच्या गळ्यात ‘झेलंडची गुंडी’ असते: चांदीची इवलीशी घुमटी, मध्ये एक ठसठशीत दाणा आणि भोवती बारीक दाण्यांची कडी. गॅरेजमधलं फळ्यांचं कपाट तर मी हात लावून पाहिलंय. बोटीतून सामान ज्या मोठ्या लाकडी पेटीत आलं, त्या पेटीच्याच फळ्या आहेत त्या. एकीवर काळ्या रंगातलं वडिलांचं आडनाव आणि खाली ‘हॅलिफॅक्स’ अजून वाचता येतं.

मी इथल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. भाषा गेली की सगळं गेलं, असं आपण तिथे पालकांना सारखं सांगतो. ओमांचं घर पाहिल्यापासून मला ते तितकंसं पटत नाही. माझं मत असं, की माणसाचं नातं देशाशी नसतंच मुळी, ते गावाशी असतं. आणि ते सवयींवर, कागदपत्रांवर, सणावारांवर टिकतं. भाषा हा त्यातला एक धागा, एकमेव नव्हे. तुमचे अनुभव सांगा.

शिवाय एक साधा प्रश्न: नव्वदीच्या वाढदिवसाला त्यांना काय न्यावं?

बखरकार

छान विषय. थोडी पार्श्वभूमी देतो.

पुरामुळे लोक गेले हे ओमांच्या घरापुरतं अगदी खरं. त्या एका रात्रीत नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं दगावली. पण स्थलांतराची लाट पुराच्या आधीच आली होती. सगळ्यात जास्त माणसं देश सोडून गेली ती १९५२ साली, जवळजवळ ५० हजार. आणि तेव्हा देशाची लोकसंख्या होती साधारण एक कोटी. कारणं बरीच होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या उपासमारीच्या आठवणी ताज्या होत्या. घरांची इतकी टंचाई की लग्न होऊनही जोडपी आईवडिलांच्या घरी एका खोलीत. शेतकऱ्याला पाचसहा मुलगे आणि वाटायला जमीन नाही. इंडोनेशिया १९४९ च्या अखेरीस हातचा गेलेला. त्यात शीतयुद्धाची धास्ती.

सरकारच सांगत होतं की बाहेर जा. पंतप्रधान विलेम ड्रेस यांनी उघडपणे आवाहन केलं आणि प्रवासखर्चाला मदतही मिळे. वॉटरमन, ग्रोटे बेअर, झाउदरक्राउस ही युद्धात सैन्य वाहण्यासाठी बांधलेली जहाजं. तीच पुढे स्थलांतरितांना नेऊ लागली. पैकी वॉटरमन १९४७ मध्येच शेतकरी कुटुंबांना घेऊन कॅनडाला गेलं होतं.

माझ्या मते इथेच गोम आहे. ज्याला आपल्याच सरकारनं ‘जा’ म्हटलं, त्याच्या मनात त्या देशाबद्दल माया आणि राग दोन्ही राहतात.

हेगवासी

मी द हेगमध्ये राहतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो.

इथे उन्हाळ्यात कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून म्हातारी माणसं गाव बघायला येतात. आमच्या शेजारच्या काकूंकडे त्यांचे ऑस्ट्रेलियातले थोरले भाऊ येऊन राहिले होते. त्यांचं डच ऐकून काकूंचा नातू म्हणाला, हे तर जुन्या रेडिओवरच्या माणसासारखं बोलतात. शब्द तेच, पण सत्तर वर्षांपूर्वीचे. ते रविवारी सकाळी चर्चला जायला निघाले, तर गावातलं चर्च केव्हाच बंद झालेलं, आत आता लोक राहतात. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आमच्याकडचं चर्च अजून भरतं.

म्हणजे त्यांनी जो देश जपला तो इथे उरलेलाच नाही. सिंटरक्लास या संताच्या सणाचंच घ्या. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मुलांना भेटी द्यायच्या, प्रत्येक भेटीबरोबर कोपरखळ्या मारणारी कविता लिहायची. त्याच्या सोबत्याचं तोंड काळं रंगवायची जुनी चाल होती. इथे त्यावर प्रचंड वाद झाला आणि गेल्या दहाबारा वर्षांत बहुतेक ठिकाणी ती बंद पडली. माझ्या मते बंद पडली ते योग्यच झालं. पण परदेशातल्या काही डच मंडळांत मात्र तेच हवं म्हणून माणसं अडून बसली. बाहेर गेलेला माणूस सोडताना पाहिलेलं चित्र बदलू देत नाही. आपल्याकडेही परदेशातले गणपती बघा, कित्येकदा पुण्यापेक्षा जास्त सोवळ्यात.

खडा_सवाल

मृद्गंध, तुमच्या मताशी पूर्ण असहमत.

कॅलेंडर आणि गळ्यातली गुंडी म्हणजे नातं नव्हे, आठवणीची वस्तू. ओमा गेल्या की त्या दोन्ही गोष्टी खोक्यात जातील. नातवाला झेलंडमधलं वर्तमानपत्र वाचता येत नाही, चुलत भावंडांशी त्यांच्या भाषेत बोलता येत नाही, मग नातं कसलं? अमेरिकेत ट्यूलिप महोत्सव करतात, लाकडी बूट घालून रस्त्यात नाचतात. ते पर्यटन आहे. डच लोकांनी भाषा सोडली आणि दोन पिढ्यांत विरघळून गेले. आपणही त्याच वाटेवर आहोत. तुम्ही मराठी शाळेत शिकवता आणि ‘भाषा एकमेव धागा नव्हे’ म्हणता, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तळ्याकाठी

@खडा_सवाल, लाकडी बुटांचा नाच मी दर मे महिन्यात बघते. मिशिगनमधलं हॉलंड गाव आमच्यापासून जवळ आहे. त्याला निव्वळ पर्यटन म्हणणं अन्याय आहे.

ते गाव १८४७ मध्ये फान राल्ते नावाच्या धर्मोपदेशकानं वसवलं. सरकारी चर्चमधून फुटून निघालेली माणसं होती ती, आणि त्याच सुमारास बटाट्यावर रोग पडून खायची भ्रांत झालेली. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं आयोवात पेला वसवलं. म्हणजे ओमांच्या शंभर वर्षं आधी. आणि १९६४ मध्ये, सव्वाशे वर्षं होत आली असताना, या गावानं नेदरलँड्सहून अख्खी पवनचक्की आणली. ‘डे झ्वान’ तिचं नाव. पवनचक्क्या तिथे संरक्षित वास्तू आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत. हिला परवानगी मिळाली कारण युद्धात तिची बरीच मोडतोड झाली होती. इथे ती उभी करून पुन्हा चालू केली. आजही वाऱ्यावर गहू दळते, मी तिथलं पीठ आणते. ती चालवणाऱ्या बाईंनी नेदरलँड्समध्ये जाऊन तिथल्या चक्कीवाल्यांची परीक्षा दिली आहे.

त्या गावात डच बोलणारं आज कुणी भेटणं मुश्कील. पण वारा कुठून येतो ते बघून पाती फिरवणं, शिडाचं कापड किती सोडायचं ते ठरवणं, हे ज्ञान तिथे जिवंत आहे. हे ज्ञान शब्दांवाचून पुढच्या हातात गेलंय.

गोडघाशा

यांचं ते खारट काळं ज्येष्ठमधाचं चॉकलेट ज्यानं आवडीनं खाल्लं तो डच, बाकी सगळे पाहुणे. नागरिकत्वाची याहून सोपी परीक्षा नाही. :)

हेगवासी

@गोडघाशा, ते चॉकलेट नव्हे, ‘ड्रॉप’. माझी मुलगी मूठमूठ खाते. म्हणजे पास झाली म्हणायची!

यारा_काठची

मी मेलबर्नला वृद्धांच्या देखभालीचं काम करते. मला इथे लिहिलंच पाहिजे असं वाटलं.

ऑस्ट्रेलियात आलेल्या डच लोकांनी इतर बहुतेकांपेक्षा लवकर इंग्रजी उचलली. बोनेगिला इथल्या स्थलांतरितांच्या छावणीत उतरायचं, पत्र्याच्या बराकीत राहायचं, मिळेल ते काम घ्यायचं आणि शक्य तितक्या लवकर ‘इथले’ व्हायचं. सरकारचंही तेच धोरण होतं. ते आदर्श स्थलांतरित, दिसेनासे झालेले, असं त्यांचं कौतुक व्हायचं.

पण म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला की नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. मायकेल क्लाइन या मेलबर्नच्या भाषाशास्त्रज्ञानं इथल्या डच वृद्धांवर या विषयाचं काम केलंय. मी ते रोज डोळ्यांनी बघते. एक आजोबा होते, पन्नास वर्षं इंग्रजीत धंदा केलेला माणूस. शेवटच्या काळात फक्त डच बोलायचे. त्यांची मुलगी पलंगाशेजारी बसायची आणि तिला एक शब्द कळायचा नाही. ते काहीतरी सारखं मागत होते. डच येणाऱ्या एका स्वयंसेवक बाईंना बोलावलं. ते म्हणत होते, सायकल आत घ्या, पाऊस येतोय.

मुलगी खूप रडली. ती म्हणाली, बाबांनी आम्हाला शिकवायला हवं होतं. म्हणून @मृद्गंध, तुमचं अर्धं मत मला पटतं. सवयी टिकतात हे खरं. पण भाषा दिली नाही, तर शेवटी आईबाप एकटे पडतात. मराठी शाळा बंद करू नका.

मृद्गंध

@यारा_काठची, तुमचा प्रतिसाद वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि ओमांकडे जाऊन आले. मराठी शाळा बंद करायचा विचारही मनात नाही, उलट आता पालकांना सांगायला हे एक कारण जास्तीचं मिळालं. माझं म्हणणं एवढंच, की ज्या घरात भाषा पोचली नाही, त्या घराला ‘तुमचं सगळं संपलं’ म्हणून मोडीत काढू नये.

@खडा_सवाल, ओंटारियोतल्या डच लोकांनी काय काय उभं केलं ते बघा. शाळा काढल्या, चर्च बांधली, १९५४ मध्ये टोरोंटोत ‘डुका’ ही पतपेढी काढली, ती आजही चालू आहे. ब्रॅम्प्टनला वृद्धांसाठी त्यांची मोठी वसाहत आहे. यांतलं बरंचसं काम आज इंग्रजीत चालतं. पण वेळेला एकमेकांच्या मागे उभं राहायची त्यांची रीत तीच आहे.

कागदीघोडे

भावनांचं झालं, आता कायद्याचं बोलू. नातं तोडण्यात डच कायद्याचाही हात आहे.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की डच नागरिकत्व आपोआप जातं, हा मूळ नियम. १ एप्रिल २००३ पासून त्याला काही अपवाद आहेत, उदा. ज्या देशाचं नागरिकत्व घेतलं तिथल्याच माणसाशी लग्न झालेलं असेल तर. पण १९५०-६० च्या दशकांत कॅनडा-ऑस्ट्रेलियाचे नागरिक झालेल्यांना अशी सवलत नव्हती. मतदान करता यावं, सरकारी नोकरी मिळावी म्हणून त्यांनी शपथ घेतली आणि त्या दिवशी ते स्वतःच्या गावात परके झाले.

त्याहून वाईट म्हणजे, दुहेरी नागरिकत्व असलेला माणूस युरोपीय संघाबाहेर राहत असेल आणि मुदतीत डच पासपोर्ट नवा केला नाही, तरी नागरिकत्व जातं. ही मुदत दहा वर्षांची होती, १ एप्रिल २०२२ पासून तेरा वर्षांची झाली. कित्येकांना पासपोर्ट कार्यालयात गेल्यावर कळलं की आपण आता डच नाही. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की प्रत्येकाच्या बाबतीत परिणाम काय होतो ते तपासलं पाहिजे, सरसकट काढून घेता येणार नाही.

आपल्यालाही हे नवीन नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात हवं तितकं राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट परत करताना माझे हात थरथरले होते, त्यामुळे या लोकांचं दुःख मला फार जवळचं वाटतं.

पेन्शनर_काका

याच कागदांची गोड बाजू सांगतो. नेदरलँड्सचं सरकारी वार्धक्यवेतन, ‘आओवे’, १९५७ पासून आहे. तिथे राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन टक्के हक्क जमा होतो आणि माणूस परदेशी गेला तरी तेवढा हिस्सा मिळतो. माझे न्यूझीलंडमधले मित्र १९६० च्या दशकात आले, त्यांना दर महिन्याला थोडे युरो येतात. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला पाठवावा लागतो, आपल्याकडे नोव्हेंबरात बँकेत देतो तसाच! ते गृहस्थ तो फॉर्म भरताना कोट घालून बसतात. म्हणतात, वर्षातून एकदा माझा देश मला विचारतो, आहेस ना रे बाबा?

कोकणी_कासव

वा काका! हे वाचून फार बरं वाटलं.

मला पत्त्यांबद्दल लिहायचंय. परदेशातल्या डच क्लबांत ‘क्लाव्हरयास’ खेळतात. चार भिडू, समोरासमोरचे जोडीदार, सत्तीपासून एक्क्यापर्यंतची ३२ पानं. हुकमात गुलाम सगळ्यात मोठा, त्याच्याखाली नव्वी, मग एक्का. आमच्या कोकणात ‘३०४’ हा पत्त्यांचा डाव खेळणाऱ्यांनी कान टवकारले असतील! मी वेलिंग्टनला एका डच क्लबात बसलो आणि गुलामावर हुकमाचा हात उचलला, तेव्हा समोरचे आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. आमच्यात धड बोलणंही झालं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी माझी खुर्ची राखून ठेवली होती.

सागरगोटा

कोकण निघालंच आहे तर: वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष अजून उभे आहेत. सतराव्या शतकात तिथून गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायचे. गेलात तर जरूर बघा, फार दुर्लक्षित आहे.

खडा_सवाल

धागा भरकटतोय. आणि सगळ्या डच लोकांना मातृभूमीची ओढ असते हेही खरं नाही. एल्विस प्रेस्लीचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर ब्रेडा गावचा डच. खरं नाव आंद्रेआस फान काउक. तरुणपणी अमेरिकेत गेला आणि आयुष्यभर आपण अमेरिकनच आहोत असं भासवलं. घरच्यांशी संबंध तोडले.

बखरकार

@खडा_सवाल, उदाहरण उत्तम. पण तोडलेल्या नात्याचाही माणसाच्या आयुष्यावर केवढा पगडा असतो बघा. एल्विसनं अमेरिकेबाहेर कार्यक्रम केले ते फक्त कॅनडात, १९५७ साली. पार्करकडे पासपोर्ट नव्हता, हे त्यामागचं कारण असावं असं बरेच जण मानतात.

हेगवासी

इथे अजून एका समाजाचा उल्लेख व्हायला हवा. द हेगमध्ये सुरीनामी हिंदुस्तानी लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांचे पूर्वज भोजपुरी-अवधी पट्ट्यातले. १८७३ मध्ये ‘लाला रूख’ जहाजातून पहिली तुकडी दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीत मजुरीसाठी नेली, १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं गेली. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास अनेक जण नेदरलँड्सला आले. माझ्या सहकाऱ्याच्या आजीच्या देवघरात रामायण आहे, भिंतीवर सुरीनामची राजधानी पारामारिबोचा फोटो आहे आणि हातात डच पासपोर्ट. तिला ‘तुमची मातृभूमी कुठली’ असं मी विचारलं, तर म्हणाली, तीन आहेत, कुणाला नाही म्हणू?

तळ्याकाठी

मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही! @मृद्गंध, ट्यूलिप आणि पवनचक्कीची खेळणी नेऊ नका. ते नेदरलँड्समधल्या हॉलंड भागाचं. ओमा झेलंडच्या. त्यांना ‘बोलुस’ न्या. दालचिनी आणि तपकिरी साखरेत घोळवलेला, वेटोळं घातलेला चिकट पाव, खालच्या सपाट बाजूला लोणी लावून खातात. ओंटारियोत डच बेकऱ्या आहेत, आधी सांगितलंत तर करून देतील. किंवा ‘बाबेलार’, लोण्याच्या कडक गोळ्या, त्याही झेलंडच्याच.

हेगवासी

आणि गेल्यावर फक्त ओमांचं नव्हे, त्यांच्या मुलीचं, जावयाचं, नातवंडांचं, सगळ्यांचं अभिनंदन करा. डच वाढदिवसाला घरातल्या प्रत्येकाला हात मिळवून शुभेच्छा देतात. खुर्च्या गोल मांडलेल्या असतील.

मृद्गंध

बोलुस ठरले! बेकरीत सांगून आले. सगळ्यांचे आभार.

@कागदीघोडे, एक विचारायचं होतं. तुमचा प्रतिसाद मी ओमांच्या थोरल्या मुलीला इंग्रजीत सांगितला. तिचा जन्म १९६१ चा. तिला वाटत होतं की आईकडून नागरिकत्व मिळतच नाही. तिला डच नागरिक व्हायची फार इच्छा आहे, भाषा येत नसली तरी. काही मार्ग आहे का?

कागदीघोडे

असू शकतो. १९८५ च्या आधी नागरिकत्व फक्त वडिलांकडून मिळायचं, आईकडून नाही. हा अन्याय दूर करायला ऑक्टोबर २०१० पासून एक सोय झाली आहे: १ जानेवारी १९८५ पूर्वी जन्मलेली, जन्माच्या वेळी आई डच आणि वडील बिगरडच असलेली व्यक्ती निवेदन देऊन डच होऊ शकते. कॅनडाची त्याला हरकत नाही.

सगळं एका तारखेवर अडतं. ओमांनी कॅनडाचं नागरिकत्व मुलीच्या जन्माआधी घेतलं की नंतर? नंतर घेतलं असेल तर अर्ज करण्यासारखा आहे. ओमांचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि झेलंडच्या नगरपालिकेतला ओमांचा जन्मदाखला, एवढं आधी गोळा करा आणि टोरोंटोच्या डच वाणिज्य दूतावासात विचारा. लग्न १९६४ पूर्वीचं आहे, तेव्हा विवाहित बायकांसाठी नियम वेगळे होते, त्यामुळे लग्नाच्या दाखल्यावरची तारीख त्यांना मुद्दाम दाखवा.

मृद्गंध

प्रमाणपत्र गॅरेजमधल्या कपाटात असेल असं ओमा म्हणतायत. शनिवारी मुलगी येतेय, आम्ही दोघी मिळून शोधतो.